उद्यानसंघाचे केंद्र : त्याचा इतिहास आणि कळंब्यासारख्या गावांसाठी त्यातील धडे

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, कात्यायनीच्या डोंगरांच्या पायथ्याशी कळंबा हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरास पिण्याचे पाणी पुरविण्यासाठी बांधलेला कळंबा तलाव याच गावाच्या नावाने ओळखला जातो. एके काळी शहर आणि गाव यांच्यामध्ये शेते होती. आज शहर वाढत वाढत गावाच्या दारापर्यंत येऊन पोचले आहे. जेथे पिके उभी राहत तेथे प्लॉट पडले, घरे उठली. करवीर तालुक्यातील शहरालगतच्या अनेक गावांची हीच स्थिती आहे.

या बदलात जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट हातची जात आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नसते. ती म्हणजे घरामागचे परडे. परड्यात घेवड्याचा मांडव, दोडक्याचा वेल, एखादा शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी केळ आणि आळू असे. त्यांचे बी घरातच राखेत घालून ठेवले जाई व शेजारणीकडून शेजारणीकडे जाई. परडे गेले की बी जाते आणि बियाबरोबर ते कसे, केव्हा व कोठे लावावे याची माहितीही जाते. ज्या घरात उसाच्या गाड्या भरतात त्याच घरात भाजी मात्र बाजारातून विकत येते, हे चित्र आता नवे राहिलेले नाही.

यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी गावकरी एकत्र येऊन सामुदायिक बाग किंवा उद्यानसंघ स्थापन करतात. आरंभी उत्साह असतो, नारळ फुटतो, रोपे लागतात. आणि दोन-तीन उन्हाळे गेले की कुंपण मोडलेली एक ओसाड जागा उरते. असे का व्हावे? काही केंद्रे शंभर वर्षे टिकतात आणि काही दहा वर्षेही टिकत नाहीत, याचे कारण काय? याचे उत्तर अशा केंद्रांच्या इतिहासात सापडते. म्हणून प्रथम तो इतिहास पाहू व नंतर कळंब्यासारख्या गावाने त्यातून काय घ्यावे याचा विचार करू.

केंद्र म्हणजे काय?

उद्यानसंघाचे केंद्र म्हणजे केवळ झाडे लावलेली जागा नव्हे. ज्या ठिकाणी सभासद ठरलेल्या दिवशी भेटतात, जेथे रोपे व बी यांची देवघेव होते, जेथे एकाने केलेल्या प्रयोगाची माहिती दुसऱ्यास मिळते आणि ती लिहून ठेवली जाते, ते केंद्र होय. जागा, रोपवाटिका, बैठक आणि नोंदवही अशी त्याची चार अंगे आहेत. यांपैकी एकही अंग लुळे पडले की बाकीची तीन फार काळ चालत नाहीत.

मुंबई : जागा गमावलेली संस्था

आपल्या भागातील अशा प्रयत्नांचा इतिहास बराच जुना आहे. १८३० च्या सुमारास ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या नावाची संस्था स्थापन झाली. परदेशातील व देशातील उपयुक्त वनस्पती आणून त्यांची वाढ येथील हवेत कशी होते हे पाहणे आणि शेती व बागकामाची माहिती पसरविणे हा अशा संस्थांचा उद्देश असे. मुंबईत या संस्थेची बाग शिवडी येथे होती. परंतु १८६५ साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा दफनभूमीसाठी घेतली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आज त्याच ठिकाणी आहे.

तत्पूर्वी संस्थेने भायखळा येथे नवी बाग उभारण्यास आरंभ केला होता. या कामी जॉर्ज बर्डवुड यांनी पुढाकार घेतला होता. १८६२ साली ही बाग लोकांस खुली झाली. व्हिक्टोरिया गार्डन किंवा राणीचा बाग म्हणून प्रसिद्ध पावलेले आणि आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखले जाणारे उद्यान ते हेच. परंतु मुंबईत संस्थेचा कारभार पुढे चालू शकला नाही. १८७३ साली बागेचा सांभाळ नगरपालिकेकडे गेला. बाग वाचली, पण ती सभासदांची राहिली नाही. प्रेक्षक राहिले, स्वतः लावणारे, कलम करणारे व नोंद करणारे सभासद राहिले नाहीत.

यातील पहिला धडा स्पष्ट आहे. शहर वाढू लागले की मोकळ्या जागेला अनेक मागण्या येतात. त्या मागण्या खोट्या नसतात. वाढत्या शहरास दफनभूमीही लागते. परंतु ज्या बागेचा जागेवरील हक्क पक्का नाही आणि जिच्यामागे राबते सभासद नाहीत, ती बाग अशा वेळी सर्वांत आधी जाते.

पुणे : टिकलेली बाग

याच नावाच्या संस्थेचा पुण्यातील इतिहास निराळा आहे. पुण्याच्या लष्कर भागाजवळ गोऱ्या शिपायांसाठी ‘सोल्जर्स गार्डन’ म्हणून एक बाग होती. पुढे तिला ‘एम्प्रेस गार्डन’ हे नाव मिळाले. १८९२ पासून तिची व्यवस्था या संस्थेकडे आहे. सुमारे ३९ एकरांची ही बाग आजही संस्थाच चालवते.

ती कशामुळे टिकली? जुने वृक्ष हे एक कारण आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे की, बागेत वर्षभर काही ना काही काम चालू राहिले. येथे रोपवाटिका आहे व रोपांची विक्री होते. हिवाळ्यात पुष्पप्रदर्शन भरते. प्रदर्शनात माळी, रोपवाटिकावाले, शाळांतील मुले व घरच्या कुंड्या घेऊन येणारे नागरिक असे निरनिराळ्या थरांतील लोक एकत्र येतात. ज्यांनी कधी ना कधी तेथून एक रोप घरी नेले अशा माणसांची संख्या पिढ्यान्पिढ्या वाढत गेली. अलीकडे बागेच्या जमिनीच्या काही भागावर निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा पुण्यातील नागरिकांनी त्यास विरोध केला. ज्या बागेतून रोप घरी गेलेले असते तिच्यासाठी माणूस उभा राहतो, हा यातील दुसरा धडा होय.

पुष्पप्रदर्शनाची ही प्रथा कोल्हापुरातही आहे. तेथील गार्डन्स क्लब ही संस्था अशी प्रदर्शने भरवीत आली आहे. ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी ती केवळ फुले पाहण्यासाठी नव्हे, तर प्रदर्शन कसे भरवावे हे शिकण्यासाठीही अवश्य पाहावीत.

लाइपझिग : सर्वांचा वाफा आणि आपला वाफा

सामुदायिक बागेत काम कोणी करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी उपस्थित होतो. या बाबतीत जर्मनीतील लाइपझिग या शहराचा अनुभव बोधप्रद आहे. कारखानदारीमुळे ते शहर झपाट्याने वाढत होते व मुलांना खेळावयास जागा उरली नव्हती. तेव्हा १८६४ साली हाउशिल्ड या मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने पालकांनी एक संघ स्थापन केला व श्रेबर या दिवंगत डॉक्टरांचे नाव त्यास दिले. संघाने मिळविलेल्या मैदानाच्या कडेने गेझेल या शिक्षकांनी मुलांसाठी वाफे तयार केले.

मुलांचा उत्साह लवकरच ओसरला. वाफ्यांत तण माजले. तेव्हा मुलांच्या आईवडिलांनी ते वाफे हाती घेतले. हळूहळू प्रत्येक कुटुंबाचा वाफा ठरला, त्याभोवती कुंपण झाले आणि संघाने नियम केले. जर्मनीत आज अशा कौटुंबिक बागांना ‘श्रेबरबाग’ याच नावाने ओळखतात आणि लाइपझिगच्या त्या जुन्या संघाच्या वास्तूत या चळवळीचे संग्रहालय आहे.

तिसरा धडा यातून मिळतो. ‘सर्वांचा वाफा’ हा बहुधा कोणाचाच नसतो. विहीर, कुंपण, अवजारे व रोपवाटिका सामाईक असावीत; परंतु वाफा मात्र ठरावीक कुटुंबाच्या नावे असावा. आपल्याकडे पाणी वापरण्याच्या पाळ्या बांधून दिलेल्या असतात त्यामुळे भांडण होत नाही. तद्वतच वाफ्यांचीही वाटणी बांधून दिलेली असावी.

कोल्हापूर : प्रयोग परिवार

आतापर्यंत पाहिलेल्या केंद्रांपाशी मोठी जमीन होती. परंतु ज्यांच्यापाशी सामाईक जमीनच नाही त्यांनी काय करावे? याचे उत्तर कोल्हापूर परिसरातूनच पुढे आले, ही या जिल्ह्यास अभिमानाची गोष्ट आहे.

श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथील मौनी विद्यापीठाशी त्यांचा संबंध होता. ग्रामीण शिक्षणाच्या या केंद्राच्या उभारणीत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. १९६० च्या दशकात दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे एक जाळे विणण्यास आरंभ केला. या परिवारास प्रयोगाची सामाईक बाग नव्हती. प्रत्येक शेतकऱ्याची स्वतःची जमीन हीच त्याची प्रयोगशाळा. शेतकऱ्याने एक प्रश्न घ्यावा, आपल्या थोड्याशा जागेत त्याचा प्रयोग करावा, पाहिलेले लिहून ठेवावे आणि ते इतरांस सांगावे. इतरांनी तो प्रयोग आपल्या जमिनीत करून पाहावा व आपला अनुभव परत कळवावा, अशी ही पद्धत होती. पदवी असो वा नसो, जो डोळसपणे पाहतो व नोंदवितो तो संशोधक, हे तिचे सूत्र होते.

सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात या पद्धतीचा द्राक्षबागायतीस विशेष उपयोग झाला. पाणी कमी असलेल्या त्या भागात वेलीची छाटणी, पानांचा पसारा व त्यावर पडणारे ऊन, मुळांभोवतीची माती यांचा अभ्यास शेतकऱ्यांनी स्वतः केला. ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची निवड एका शेतकऱ्याच्या बागेतूनच पुढे आली. थॉम्सन सीडलेस जातीच्या बागेत एक वेल इतरांहून निराळी आहे हे शेतकऱ्याच्या नजरेस पडले, त्याने ती वेगळी वाढविली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. नजर आणि नोंद यांचे मोल यावरून ध्यानात यावे.

दाभोळकरांना १९८५ साली ग्रामीण विकासासाठी विज्ञानाचा उपयोग केल्याबद्दल जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्यांचा ‘प्लेंटी फॉर ऑल’ हा इंग्रजी ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

ही पद्धत शहरांतील गच्च्यांवरही पोचली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे, पालापाचोळा व थोडी माती पिशव्यांत व पिंपांत भरून गच्चीवर भाज्या व फळे घेण्याचा प्रसार केला. २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृह विभागातील अधिकारी प्रीती पाटील यांनी तेथील स्वयंपाकघराच्या गच्चीवर अशीच बाग सुरू केली. भाज्यांची देठे, साली व उरलेले अन्न कुजवून त्याचीच माती करण्यात आली. पुढे ‘अर्बन लीव्हज’ या नावाने स्वयंसेवकांचा गट जमला व ठिकठिकाणी बागा झाल्या. जमीन नसलेल्यांनाही केंद्र चालविता येते, हा चौथा धडा होय.

कळंब्यासारख्या गावात केंद्र कसे असावे?

वरील चार धडे ध्यानात घेतले तर शहरालगतच्या गावात केंद्राची रचना पुढीलप्रमाणे करता येईल.

१. जागेचा कागद प्रथम, रोप नंतर. जागा ग्रामपंचायतीची असल्यास ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा व तो इतिवृत्तात नोंदवावा. गायरान असल्यास महसूल खात्याची लेखी परवानगी घ्यावी. नव्या वसाहतींच्या मंजूर रेखांकनात खुली जागा राखून ठेवलेली असते. तिचा नकाशा मिळवून ती जागा प्रत्यक्षात कोठे आहे हे पाहावे. खासगी जागा असल्यास मालकाशी निदान पाच वर्षांचा लेखी करार करावा. तोंडी शब्दावर आंबा लावू नये. त्याला फळ येईपर्यंत शब्द देणारा बदललेला असतो.

२. पाण्याची खात्री वैशाखात करावी. आषाढात प्रत्येक जागा बागेस योग्य वाटते. जेथे उन्हाळ्याच्या अखेरीस रोपवाटिकेपुरते तरी पाणी मिळते तीच जागा निवडावी. गावच्या पिण्याच्या पाण्यावर बागेचा बोजा टाकू नये. घराघरांतील न्हाणीचे पाणी केळी, आळू व पपई यांस देता येते. पालेभाज्यांस मात्र साबणाचे पाणी देऊ नये.

३. वाफ्यांची वाटणी करावी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फूट जागा. वाटा लहान असला तरी चालेल, परंतु तो ठरलेला असावा. जे कुटुंब ठरावीक मुदतीत वाफा पेरणार नाही त्याचा वाफा पुढच्या कुटुंबास द्यावा, असा नियम आरंभीच लिहून ठेवावा.

४. रोपवाटिका हे केंद्राचे हृदय समजावे. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद व पंधरा सेंटीमीटर उंच असे गादीवाफे करावेत. त्यांत कुजलेले शेणखत मिसळावे व बी ओळीत पेरावे. टोमॅटोची रोपे सुमारे चार आठवड्यांत आणि वांगी व मिरची यांची पाच ते सहा आठवड्यांत लावणीस येतात. प्रत्येक सभासदास रोप द्यावे व त्याची नोंद ठेवावी. उरलेली रोपे गावात अल्प किमतीस विकावीत. त्या पैशातून पुढील हंगामाचा खर्च निघावा.

५. बियाची पेटी ठेवावी. घरात चालत आलेले घेवडा, वाल, दोडका, भोपळा, तांदूळजा यांचे बी ज्या घरातून आले त्याची माहिती लिहून जपावे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वाल, घेवडा व टोमॅटो यांचे बी सहसा शुद्ध राहते, म्हणून नवशिक्याने आरंभ यांपासून करावा. भोपळा, दोडका व काकडी यांच्यात मधमाशांमुळे एकाच पिकाच्या दोन वाणांचा संकर होतो. म्हणून बियासाठी त्या पिकाचा एकच वाण जवळपास ठेवावा. संकरित बियाण्याच्या फळातून धरलेले बी पुढे त्याच गुणाचे निघत नाही, हे सभासदांस आधीच सांगावे म्हणजे निराशा होणार नाही.

६. माती गावातच करावी. उसाचे पाचट व गुऱ्हाळाची चिपाडे यांची कोल्हापूर भागात वाण नाही. पाचट पेटवून देण्याऐवजी त्याचे आच्छादन करावे किंवा शेण व हिरवा पाला यांच्या थरांत कुजवून खत करावे. ज्यांच्यापाशी जमीन नाही त्यांनी हेच मिश्रण जुन्या पोत्यांत व पिंपांत भरून दारापुढे मिरची, मेथी, कोथिंबीर घ्यावी.

७. नोंदवही ठेवावी व बैठक चुकवू नये. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी बैठक व्हावी. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगाव्यात : काय लावले, काय घडले, काय चुकले. ‘काय चुकले’ हे सांगण्यास जेथे संकोच वाटत नाही तेच केंद्र वाढते.

अपेक्षा किती ठेवावी?

प्रौढ माणसाच्या आहारात दररोज सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे आहारशास्त्र सांगते. या हिशेबाने पाच जणांच्या कुटुंबास दररोज दीड ते दोन किलो भाजी लागेल. लहानशा वाफ्यातून ही सर्व गरज भागेल असे आश्वासन कोणीही देऊ नये. खोट्या आश्वासनाने केंद्राची पत जाते. परंतु पावसाळ्यात दोडका, कारली, गवार व भेंडी. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी व टोमॅटो. उन्हाळ्यात चवळी, काकडी व तांदूळजा असा क्रम धरला आणि कडेने शेवगा, कढीपत्ता, लिंबू व पपई लावली, तर घरात वर्षभर ताजी भाजी थोडीतरी येत राहील. जी भाजी घरी पिकते ती घरात अधिक खाल्ली जाते, हा कोणत्याही गृहिणीचा अनुभव आहे.

ग्रामकार्यकर्त्याचे काम

ग्रामकार्यकर्त्याने स्वतः बाग करून देऊ नये. बाग करणारी माणसे एकत्र आणावीत. गावात कोणाच्या परड्यात कोणते जुने वाण आहे याची यादी करणे हे त्याचे पहिले काम होय. ही यादी करताना घरातील वयोवृद्ध स्त्रियांशी अवश्य बोलावे, कारण बी राखण्याचे काम बहुधा त्यांच्याच हाती राहिलेले असते. तांत्रिक अडचण आल्यास कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय व कणेरी येथील कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घ्यावा. त्याची बदली झाल्यानंतरही बैठक ठरलेल्या वारी भरली, तर त्याचे काम यशस्वी झाले असे समजावे.

शिवडीची बाग गेली, भायखळ्याची बाग दुसऱ्याच्या हाती गेली, पुण्याची टिकली, लाइपझिगची पसरली आणि कोल्हापूरच्या प्राध्यापकाने बागेवाचूनही केंद्र चालवून दाखविले. शहरालगतच्या गावांत आज ज्या मोकळ्या जागा आहेत त्या आणखी दहा वर्षांनी असतीलच असे नाही. जागेचा कागद करण्यास आणि परड्यातले बी गोळा करण्यास या पावसाळ्याइतका चांगला मुहूर्त पुढे मिळणार नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. उद्यानसंघाच्या केंद्राची चार अंगे कोणती? आपल्या गावात त्यांपैकी कोणती आहेत?
२. शिवडी येथील बाग का गेली? आपल्या गावातील मोकळ्या जागेचा हक्क कोणाकडे आहे?
३. सामाईक काय असावे व कुटुंबाच्या नावे काय असावे?
४. आपल्या गावात जुने घरगुती बी कोणाकोणाकडे आहे? पुढील बैठकीपूर्वी पाच घरांची यादी करा.